पायपेटीचा जुना सूर : संगीत रंगभूमीवरील ऑर्गनची दुरुस्ती आणि इतिहाससाधनाचे जतन

प्रस्तावना

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास आजवर प्रामुख्याने नाटकांच्या संहिता, नटांची व संगीतकारांची आत्मचरित्रे, वृत्तपत्रांतील परीक्षणे आणि ध्वनिमुद्रिका यांच्या आधारे लिहिला गेला आहे. या साधनांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि ज्या वाद्याच्या साथीवर हे संगीत उभे राहिले, ते वाद्य स्वतः इतिहासाचे साधन आहे, या दृष्टीने त्याच्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. पायाने भाता चालवावयाचा लाकडी ऑर्गन हे असे वाद्य होय. बोलीभाषेत त्याला पायपेटी असेही म्हणतात.

गेल्या काही दशकांत नाट्यसंगीताच्या मैफलींमध्ये ऑर्गनची मागणी पुन्हा वाढली आहे. परिणामी वाड्यांच्या माळ्यांवर, जुन्या नाट्यगृहांच्या अडगळीत किंवा चर्चच्या कोपऱ्यात पडलेले ऑर्गन बाहेर काढून, दुरुस्त करून वापरात आणले जात आहेत. ही बाब स्वागतार्हच आहे. मात्र वाद्य आजच्या वादकाच्या हाती देताना त्यातील काही माहिती कायमची नष्ट होते आणि ही माहिती अन्यत्र उपलब्ध नसते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार इतिहास, ध्वनिशास्त्र आणि जतनशास्त्र या तिन्ही अंगांनी केला आहे. त्याचबरोबर वडखळ–पेण–रोहे या खाडीकाठच्या परिसरातील हवामानात अशा वाद्यांपुढे उभ्या राहणाऱ्या अडचणींचाही विचार केला आहे.

ऑर्गनचे आगमन

पितळी जिभेच्या कंपनातून स्वर निर्माण करणाऱ्या हार्मोनियमला युरोपात १८४० च्या दशकात पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ यांनी प्रस्थापित स्वरूप दिले. या वाद्यात भात्याने हवा बाहेर ढकलली जाते. अमेरिकेत मात्र याच तत्त्वावर उलट क्रिया करणारे वाद्य विकसित झाले. त्यात भात्याने हवा आत ओढली जाते आणि त्या ओढीने जिभा कंप पावतात. या रचनेमुळे आवाज अधिक गोल व मुलायम होतो. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो येथील एस्टी आणि बॉस्टन येथील मेसन अँड हॅम्लिन या कंपन्या अशा ऑर्गनसाठी प्रसिद्ध होत्या. एकट्या एस्टी कंपनीने पाच लाखांहून अधिक वाद्ये तयार केली. हा कारखाना १९६० मध्ये बंद झाला. पाश्चात्त्य देशांत हे वाद्य दिवाणखान्यात आणि लहान प्रार्थनास्थळांत वाजवले जाई. पियानो, पुढे ग्रामोफोन आणि विजेवर चालणारी वाद्ये आल्यावर तेथे त्याची उपयुक्तता संपली.

भारतात मांडीजवळ ठेवून एका हाताने भाता मारावयाच्या पेटीचा प्रसार कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या वाद्यनिर्मात्यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. महाराष्ट्रात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुणे येथे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ नाटकाचा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. या रंगभूमीवर साथीसाठी पेटी आणि पुढे ऑर्गन स्थिरावला. गोविंदराव टेंबे हे स्वतः श्रेष्ठ पेटीवादक होते. त्यांनी १९११ मध्ये ‘मानापमान’ नाटकाला संगीत दिले, तर १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. या मंडळीच्या वैभवकाळात ऑर्गन, कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला अशी साथ प्रेक्षकांना ऐकावयास मिळे.

ऑर्गन रंगभूमीला मानवला, यामागे निश्चित कारणे होती. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा भरीव व अखंड स्वर त्यातून मिळत असे. भाता पायांनी चालत असल्याने वादकाचे दोन्ही हात मोकळे राहत. गुडघ्याने दाबावयाच्या दांडीमुळे गायकाच्या आवाजाप्रमाणे नाद वाढवता किंवा कमी करता येई. मींड ही त्याची मर्यादा होती आणि ती उणीव सारंगी भरून काढत असे. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रदर्शित झाल्यावर नाटक मंडळ्या झपाट्याने मोडल्या आणि त्यांचे सामानसुमान विखुरले. त्यातच १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली व तिची प्रतिष्ठा घटली. तरीही रंगभूमीने हे वाद्य सोडले नाही. १९६० च्या दशकातील नव्या संगीत नाटकांच्या लाटेत गोविंदराव पटवर्धन यांच्यासारख्या वादकांनी पेटीबरोबर ऑर्गनची परंपराही पुढे नेली.

ऑर्गन हे साधन म्हणून

ऑर्गनकडे इतिहाससाधन म्हणून पाहण्याचे प्रमुख कारण त्याच्या स्वराच्या स्थिरतेत आहे. तबला चढवता-उतरवता येतो. सारंगीच्या तारा पिळता येतात. गायकाचा आवाज तर पूर्णतः लवचिक असतो. ऑर्गनची पितळी जीभ मात्र कारखान्यात ज्या स्वराला लावली त्याच स्वराला बोलते. म्हणून रंगमंचावर इतर सर्वांना ऑर्गनशी जुळवून घ्यावे लागे. त्या अर्थाने ऑर्गन हा मंडळीचा मापदंड होता.

आपल्याकडे गायकाची पट्टी ‘पांढरी एक’, ‘काळी दोन’, ‘काळी चार’ अशा शब्दांत सांगण्याची पद्धत आहे. ही परिभाषाच मुळी पेटीच्या पट्ट्यांवरून आलेली आहे. एखाद्या आठवणीत अमुक नट ‘काळी एक’मध्ये गात असे, असा उल्लेख आला तर आजचा वाचक ती पट्टी आजच्या पेटीवर शोधतो. परंतु त्या काळच्या वाद्याची ‘काळी एक’ आजच्या ‘काळी एक’इतकीच उंच होती, हे गृहीत धरता येत नाही.

याचे कारण जागतिक स्वरमानाच्या इतिहासात आहे. पाश्चात्त्य संगीतात ‘ए’ या स्वराची सेकंदातील कंपनसंख्या हे मापन मानले जाते. फ्रान्सने १८५९ मध्ये ती ४३५ ठरवली. इंग्लंडमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे ४५२ चे ‘उंच स्वरमान’ रूढ होते. अमेरिकेत त्याहूनही चढे स्वरमान काही ठिकाणी वापरात होते. १८९१ मध्ये तेथील पियानो उत्पादकांनी ४३५ स्वीकारले. ४४० हे आजचे प्रमाण १९३९ च्या लंडन येथील परिषदेत ठरले आणि १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने त्याला मान्यता दिली. म्हणजे वेगवेगळ्या देशांतून व वेगवेगळ्या दशकांत आयात झालेले ऑर्गन परस्परांशी जुळणारे असतीलच, असे नाही.

हा फरक किती मोठा आहे, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. ४४० च्या मानाने मधली ‘काळी एक’ सेकंदास सुमारे २७७ कंपनांची आणि तिच्या पुढील ‘पांढरी दोन’ सुमारे २९४ कंपनांची असते. ४५२ च्या मानाने लावलेल्या ऑर्गनवर तीच ‘काळी एक’ सुमारे २८५ कंपनांची होते. म्हणजे ती आजच्या ‘काळी एक’ आणि ‘पांढरी दोन’ यांच्या जवळजवळ मध्यावर येते. ४३५ आणि ४४० यांतील फरक यामानाने लहान, अर्धस्वराच्या सुमारे एक पंचमांश इतका आहे. पण भारतीय संगीताच्या दृष्टीने तोही उपेक्षणीय नाही, कारण तो जवळपास एका प्रमाणश्रुतीएवढा भरतो.

ध्वनिमुद्रिकांवरून हा प्रश्न सुटेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जुन्या तबकड्यांच्या मुद्रणाचा वेग काटेकोरपणे एकसारखा नसे आणि वेग बदलला की स्वरही चढतो किंवा उतरतो. किंबहुना तबकडीचा योग्य वेग ठरवण्यासाठीच त्यात वाजणाऱ्या वाद्याचा स्वर ठाऊक असणे आवश्यक ठरते. अशा स्थितीत ज्याच्या जिभांना दुरुस्तीचा हात लागलेला नाही, असा कालनिश्चिती झालेला ऑर्गन हा त्या काळच्या स्वरमानाचा मोजता येण्याजोगा पुरावा ठरतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुतींची हार्मोनियम घडवून घेतली. षड्ज २४० कंपनांचा धरल्यास नैसर्गिक शुद्ध गंधार ३०० कंपनांचा येतो, तर समविभागी सप्तकातील गंधार ३०२ हून थोडा अधिक येतो. दोन-अडीच कंपनांच्या या फरकासाठी महाराष्ट्रातील अभ्यासकांनी त्या काळी केवढा खटाटोप केला, हे लक्षात घेता जुन्या वाद्यांतील मूळ स्वर न मोजता पुसून टाकणे हे त्या परंपरेशीही विसंगत आहे.

दुरुस्तीतील परत फिरवता येणारे आणि न येणारे भाग

ऑर्गनच्या दुरुस्तीचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पहिल्या भागात भाता, झडपा, पट्ट्या आणि लाकडी पेटारा यांचा समावेश होतो. भात्यावरील रबर लावलेले कापड कालांतराने कडक होऊन चिरते. झडपांखालील फेल्ट व चामडे कसर खाते. उंदीर आत घर करतात. हे भाग मुळातच झिजणारे व बदलण्यासाठीच असलेले आहेत. पूर्वी ते सरसाने चिकटवले जात. सरसाचा जोड उष्णता व ओलावा दिल्यास सुटतो, त्यामुळे पुढील कारागिराला तो पुन्हा उघडता येतो. त्याऐवजी आजचे पक्के कृत्रिम गोंद वापरले तर जोड मजबूत होतो, पण पुढच्या दुरुस्तीच्या वेळी लाकूड फोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

दुसरा भाग जिभांचा. नेहमीच्या पाच सप्तकी ऑर्गनमध्ये ६१ पट्ट्या असतात आणि जिभांचे दोन संच असल्यास एकूण १२२ जिभा होतात. जिभेचे टोक कानशीने घासले की स्वर चढतो. मुळाकडील भाग खरवडला की स्वर उतरतो. ४५२ चा ऑर्गन ४४० वर आणायचा म्हणजे या सर्व जिभा मुळाशी खरवडाव्या लागतात. खरवडलेला धातू परत येत नाही. शिवाय जीभ पातळ झाल्याने तिचा नाद बदलतो आणि ती मोडण्याचा धोकाही वाढतो. कारागिराच्या दृष्टीने हे काही दिवसांचे काम असते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र मूळ स्वरमानाची नोंद त्यात कायमची पुसली जाते.

वादकाची गरज येथे दुय्यम मानून चालणार नाही. आजच्या मैफलीत बासरी, संवादिनी, इलेक्ट्रॉनिक तानपुरा ही सर्व ४४० च्या मानाने चालतात. त्यांच्याशी न जुळणारा ऑर्गन कोणी वाजवणार नाही. आणि न वाजणारे वाद्य अडगळीत पडून लवकर नष्ट होते. म्हणूनच वाद्य वाजते ठेवणे आणि त्यातील पुरावा राखणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधणारा मार्ग शोधणे आवश्यक आहे.

लाकडी बासऱ्यांचे उदाहरण

या संदर्भात युरोपातील जुन्या लाकडी बासऱ्यांचा इतिहास बोधप्रद आहे. थिओबाल्ड बोम यांनी १८४७ मध्ये नव्या रचनेची दंडगोल नळीची बासरी सिद्ध केली. पुढील काही दशकांत वाद्यवृंदांनी ती स्वीकारली आणि लंडनच्या रुडॉल अँड रोझ यांच्यासारख्या निर्मात्यांच्या जुन्या लाकडी बासऱ्या निरुपयोगी ठरल्या. आयर्लंडच्या लोकसंगीतातील वादकांनी मात्र त्याच बासऱ्या आपल्याशा केल्या. जेथे वाद्य जन्मले तेथे ते टाकून दिले गेले आणि दुसऱ्या संगीतपरंपरेने ते जिवंत ठेवले, हे आपल्या ऑर्गनच्या इतिहासाशी जुळणारे आहे.

दुरुस्तीचे प्रश्नही समान आहेत. या बासऱ्यांच्या वरच्या भागात धातूची नळी बसवलेली असे. लाकूड वाळून आकसते, धातू आकसत नाही. त्यामुळे लाकडाला उभी चीर पडते. चीर बुजवता येते. पण उंच स्वरमानाची बासरी आजच्या वाद्यांशी जुळवण्याचा प्रश्न अधिक कठीण असतो. सांधा बाहेर ओढून स्वर उतरवला तर छिद्रांमधील परस्परसंबंध बिघडतात. छिद्रे वा नळी कोरून बदलली तर मूळ वाद्य उरत नाही. यावर तेथील कारागिरांनी शोधलेला एक मार्ग असा की, जुन्या बासरीच्या पोकळीची सूक्ष्म मोजमापे घ्यावीत, मूळ वाद्य तसेच राखावे आणि त्या मापांवरून आजच्या स्वरमानाचे नवे वाद्य घडवावे.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या वाद्यसंग्रहविषयक समितीने १९८५ मध्ये सार्वजनिक संग्रहातील वाद्यांच्या वापराबाबत शिफारशी प्रसिद्ध केल्या. कॅनडाचे जतनतज्ज्ञ रॉबर्ट बार्कले यांनीही ऐतिहासिक वाद्यांचे जतन आणि वापर यांतील ताण सविस्तर मांडला आहे. या विचारांचा रोख वादनाला विरोध करण्याकडे नाही. प्रत्येक हस्तक्षेपापूर्वी काय जाणार आहे, याची जाणीव व नोंद असावी, असा त्यांचा आग्रह आहे.

ऑर्गनच्या बाबतीत हा मार्ग बासरीपेक्षा सुलभ आहे, ही गोष्ट येथे विशेषत्वाने नमूद करावीशी वाटते. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये प्रत्येक जीभ तिच्या पितळी चौकटीसह लाकडी खाचेत सरकवून बसवलेली असते आणि आकड्याने ओढून बाहेर काढता येते. त्यामुळे मूळ संच न खरवडता पूर्ण काढून, क्रमवार नोंद करून जपून ठेवता येतो. पूर्णतः मोडकळीस आलेल्या दुसऱ्या ऑर्गनमधील मापात बसणाऱ्या जिभा ४४० ला लावून या वाद्यात बसवता येतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या चौकटींची मापे वेगळी असल्याने हे प्रत्येक वेळी साधेलच असे नाही. जेथे साधेल तेथे मात्र वादकाला वाद्य मिळते आणि अभ्यासकाला पुरावा.

वडखळ–पेण–रोहे परिसराचा संदर्भ

मुंबई–गोवा महामार्गावर ज्या ठिकाणी अलिबागचा रस्ता फुटतो, ते वडखळ हे गाव धरमतर खाडीपासून जवळ आहे. महामार्ग व रेल्वे येण्यापूर्वी मुंबई आणि तत्कालीन कुलाबा जिल्हा यांमधील वाहतूक मुख्यतः जलमार्गाने चाले. धरमतर, नागोठणे, रोहे-अष्टमी ही खाड्यांवरील ठिकाणे त्या मार्गावर होती. रेल्वे रोह्यापर्यंत १९८६ मध्ये पोहोचली. त्यामुळे या परिसरातील जुन्या घरांत एखादे विलायती वाद्य आढळल्यास ते कोणत्या मार्गाने, कोणत्या काळात आणि कोणामार्फत आले, हाही स्थानिक इतिहासाचा विषय ठरतो. वाद्यावरील क्रमांक, विक्रेत्याची पट्टी, आतील लाकडावर पेन्सिलीने केलेल्या खुणा आणि मालकाच्या घरातील जमाखर्चाच्या वह्या ही त्यासाठीची साधने होत. दुरुस्तीत लाकूड घासून नवे पॉलिश करताना सर्वप्रथम नाहीशा होतात त्या याच खुणा.

या परिसरातील हवामान लाकडी वाद्यांना प्रतिकूल आहे. जून ते सप्टेंबर या काळात हवेतील ओलावा अतिशय वाढतो. लाकूड आडव्या दिशेने फुगते, पट्ट्या अडकतात, चामड्यावर बुरशी चढते. खाडीवरील खारी हवा पितळावर हिरवा थर आणते. जिभेच्या टोकावर असा थर किंवा धूळ साचली की तिचा स्वर किंचित उतरतो. म्हणून जुन्या ऑर्गनचा स्वर मोजताना एकाच जिभेवर विसंबून चालत नाही. जिभा हलक्या हाताने स्वच्छ करून अनेक जिभांची मोजणी करावी लागते व तापमानाची नोंद ठेवावी लागते. कोकणात वर्षानुवर्षे राहिलेले वाद्य वातानुकूलित सभागृहात एकाएकी नेल्यास लाकूड वेगाने वाळून तडकण्याचा संभव असतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरीकडे याच परिसरात एक अनुकूल बाबही आहे. येथे गावोगावी भजनी मंडळे आहेत आणि पेटी हे त्यांचे मुख्य वाद्य आहे. पेटीचा भाता, झडपा व सूर यांची कामे जाणणाऱ्या कारागिराला ऑर्गनची रचना परकी नसते. त्याला मोजणीची व नोंदीची जोड महाविद्यालये देऊ शकतात. कंपनसंख्या मोजण्यासाठी लागणारी साधने आता भ्रमणध्वनीवरही उपलब्ध आहेत. इतिहास, पदार्थविज्ञान व वनस्पतिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन एका वाद्याची नोंद करणे हा विद्यार्थ्यांसाठी सहज शक्य असलेला आंतरविद्याशाखीय प्रकल्प ठरू शकेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. संगीत रंगभूमीवरील ऑर्गन हा नाट्यसंगीताच्या स्वरमानाचा प्रत्यक्ष पुरावा आहे. लिखित आठवणी आणि ध्वनिमुद्रिका यांचा अर्थ लावताना त्याची मदत होते.

२. ‘काळी’ व ‘पांढरी’ या परिभाषेतील जुने उल्लेख आजच्या ४४० च्या मानाने वाचणे धोक्याचे आहे. उंच स्वरमानाच्या वाद्यावर हा फरक जवळजवळ पाव स्वराइतका होतो.

३. भाता, झडपा, फेल्ट इत्यादींची दुरुस्ती सरसासारख्या सुटणाऱ्या द्रव्यांनी केल्यास परत फिरवता येते. जिभा खरवडणे मात्र परत फिरवता येत नाही.

४. कोणत्याही जुन्या ऑर्गनची दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी त्याची छायाचित्रे, क्रमांक, खुणा आणि प्रत्येक जिभेची कंपनसंख्या यांची नोंद करावी. शक्य तेथे मूळ संच जपून पर्यायी संच वापरावा.

५. ही जबाबदारी एकट्या कारागिरावर टाकता येणार नाही. वाद्याचा मालक, वादक, संग्रहालये आणि स्थानिक महाविद्यालये यांनी ती वाटून घेतली पाहिजे.

यांतील बहुतेक वाद्यांनी आता वयाची शंभरी ओलांडली आहे किंवा ती त्याच्या जवळ आली आहेत. त्यांची निर्मिती करणारे मूळ कारखाने बंद झाले असून जी वाद्ये आज अस्पर्श आहेत त्यांची संख्या प्रत्येक दुरुस्तीगणिक घटणार आहे. एका ऑर्गनच्या १२२ जिभांची नोंद करण्यास एक दिवस पुरतो. ही नोंद दुरुस्तीपूर्वी झाली तरच तिचा उपयोग आहे.